प्रसादात काय घातलंय, तेवढं फक्त सांगा

गणपती तोंडावर आलेत. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर महाप्रसादाच्या यादीची चर्चा सुरू झालीये आणि माझा जीव आत्तापासूनच टांगणीला लागलाय. म्हणून जे सांगायचंय ते आधीच लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, पण दुसऱ्याच्या मुलाला, दुसऱ्याच्या आईला आपल्या हाताने वाढणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मनापासून वाटतं.

घरात आम्ही चौघं. लेकाला शेंगदाण्याची आणि तिळाची अ‍ॅलर्जी. सासूबाईंना सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू आणि जव कायमचे बंद. नवऱ्याला दूध पचत नाही. त्याचं त्यातल्या त्यात सोपं आहे. बासुंदी खाल्ली तर पोट फुगतं, जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी माणूस ठीक. तूप चालतं, वाटीभर ताकही चालतं. त्याच्याबद्दल मी फार लिहिणार नाही.

लेकाचं तसं नाही. दाण्याचं कूट चिमूटभर जरी पोटात गेलं तरी काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. यात जीव जाऊ शकतो. आईंचं आणखी तिसरंच. त्यांना गहू खाल्ल्यावर लगेच काही होताना दिसत नाही. पण गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की त्यांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं, आणि मग अन्नातलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. साठी जवळ येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू, हिमोग्लोबिन काही वर येईना, आणि सगळे म्हणायचे, ‘बायकांना असतंच.’ शेवटी एका डॉक्टरांना शंका आली. रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा, आणि निदान झालं. (ज्यांना शंका आहे त्यांनी एक ध्यानात ठेवा: तपासणी व्हायच्या आधी मनानेच गहू बंद करू नका. गहू बंद असला की तपासणीत आजार लपून जातो.)

तर एका घरात तीन पथ्यं, आणि तिन्हींचे नियम एकमेकांना छेद देणारे. उपासाचंच घ्या. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, कशातच ग्लूटेन नाही. आईंसाठी एकादशी म्हणजे निर्धास्त जेवायचा दिवस असायला हवा. पण आपल्या उपासाला दाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही. खिचडीत कूट, थालीपिठात कूट, वरीबरोबर दाण्याची आमटी. त्याच स्वयंपाकघरात माझं पोर. त्यामुळे आमच्याकडे खिचडीला ओलं खोबरं घालतात. ज्यांनी खाल्ली त्यांना आवडली.

गव्हाचं पीठ किती ठिकाणी लपून बसलेलं असतं हे आईंच्या आजारानंतर कळलं. मेटकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत असतो. आणि हिंग! रोजच्या वापरातली हिंगाची डबी उलटी करून घटकपदार्थ वाचा. बांधणी हिंगात खरा हिंग थोडा, बाकी गोंद आणि पीठ, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे तांदूळ, तूरडाळ, सगळं निवडून पारखून घेतलेलं आणि फोडणीच्या चिमटीत गहू. आम्ही तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणतो, तो नसेल तर खडा हिंग.

ज्वारीचंही तसंच. ज्वारी, बाजरी, नाचणी मुळात निर्धोक. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून तर ती सगळीकडे मिळतात. पण गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळलेला असतो आणि त्याच जात्यातून आपली ज्वारी बाहेर पडते. अख्ख्या गिरणीत गव्हाची भुकटी उडत असते, त्यात गिरणीवाल्याचा काय दोष? घरघंटी घेतली तेव्हा हा प्रश्न सुटला. जांभळी नाक्यावरून अख्खं धान्य आणायचं, निवडायचं, घरी दळायचं. भाकरी आधी, पोळ्या नंतर, हा क्रम मोडत नाही. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं म्हणून भाकरीची काठवट वेगळी, आईंचं पोळपाट-लाटणं वेगळं. मिक्सरच्या भांड्यांना लाल दोरा आणि पांढरा दोरा. हे सगळं आता अंगवळणी पडलंय, त्याचं दुःख नाही.

घराबाहेर मात्र आमचं काही चालत नाही.

पुडक्यांचं एक वेळ बरं. आपल्याकडे लेबलचे २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखी कवचाची फळं, सोयाबीन आणि सल्फाइट हे असेल तर पाकिटावर वेगळं सांगावं लागतं. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असून चालत नाही. पण या यादीत तीळ नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला, युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि ज्या महाराष्ट्रात गोड्या मसाल्यात तीळ, बाजरीच्या भाकरीवर तीळ, संक्रांतीला तर घराघरांत तीळ, तिथे पाकिटावरच्या ‘मसाले’ या एका शब्दाआड तीळ दडून राहू शकतो. हे बदललं पाहिजे. ग्राहक म्हणून आपण हे मागायला हवं, अ‍ॅलर्जी आपल्या घरात असो वा नसो.

हॉटेलांत, दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राला, वडापावच्या गाडीला, घरून डबे देणाऱ्या ताईंना ते बंधन नाही, आणि आपण खातो ते बहुतेक तिथलंच. तिथे सगळी भिस्त माणसाच्या शब्दावर. एकदा एका ठिकाणी मी विचारलं, ‘सुक्या चटणीत दाणे आहेत का?’ आत न विचारताच उत्तर आलं, ‘नाही, नाही.’ होते. पोराला मांडीत इंजेक्शन देऊन आम्ही हॉस्पिटल गाठलं. रात्रभर तो देखरेखीखाली होता.

हे वाचणाऱ्यांत अ‍ॅलर्जीच्या मुलांचे आईवडील असतील त्यांच्यासाठी: अशा वेळी उपाय अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेला डोस, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. कसं द्यायचं ते त्यांच्याकडून हाताने शिकून घ्या. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, श्वास सावरत नाही. इंजेक्शननंतर मूल बरं दिसलं तरी हॉस्पिटलात न्या, कारण काही तासांनी सगळं पुन्हा उसळू शकतं.

आता आग्रहाविषयी. ‘थोडंसं खाल्लं तर काही होत नाही.’ ‘देवाचा प्रसाद आहे, बाधत नाही.’ ‘सवय लावली की जातं.’ हे बोलणारी माणसं प्रेमळ असतात, मला माहीत आहे. पण माझ्या लेकाला थोडंसंच पुरेसं असतं. आता फॉरवर्डही येतात की बाळाला लहानपणीच दाणे भरवले तर अ‍ॅलर्जी होत नाही. २०१५ साली तसा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो खरा आहे. ४ ते ११ महिन्यांच्या, जास्त धोका असलेल्या बाळांना नेमाने शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तेव्हा पुढे त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी खूप कमी दिसली. पण तो अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. ती झालेल्या मुलाला घरच्या घरी दाणे भरवून पाहणं म्हणजे आगीशी खेळ आहे. आणि त्या अभ्यासाचा आधार घेऊन आईला ‘तूच दिले नसशील’ म्हणणं, हे तर माझ्या घशाखाली उतरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, तीही बोलली पाहिजे. दोनशे पदार्थांची ‘इन्टॉलरन्स’ तपासणी करून लोक अर्धा आहार बंद करतात. त्यातल्या पुष्कळ तपासण्या रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडीच्या असतात, आणि आयजीजी तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. आयजीई, म्हणजे अशा त्रासाशी संबंध असलेल्या अँटिबॉडीची तपासणीसुद्धा एकटी पुरत नाही. कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे चौघांपैकी एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता दिसली ती शंभरात जेमतेम एकाला. आधी त्रास, मग डॉक्टर, मग तपासणी. कागद बघून मुलाचं दूध, अंडं, गहू बंद करू नका. वाढतं वय असतं.

एक चांगली आठवणही सांगते. ठाण्यातल्याच एका कार्यालयात लग्न होतं. पंगत बसायच्या आधी मी मुदपाकखान्यात गेले. महाराज घामाघूम, खांद्यावर पंचा. म्हटलं, वेगळं काही नको, कशात काय आहे एवढं सांगा. त्यांनी गॅस बारीक केला आणि एकेका पातेल्याशी मला नेलं. ‘अळूत दाणे आहेत. कोशिंबिरीत कूट. भजी नका देऊ, त्याच तेलात मघाशी चिवड्याचे दाणे तळलेत. बटाट्याची भाजी पोराला चालंल.’ आईंचं सांगितलं तर त्यांनी हिंगाचा डबा आणून माझ्या हातात दिला. वाचलं, गव्हाचं पीठ. ‘मग आजींना फोडणीचं काहीच नको,’ म्हणाले, आणि फोडणीआधी बाजूला काढलेले उकडलेले बटाटे स्वच्छ वाटीत मीठ घालून दिले. भात आणि तूप. आई त्या दिवशी लग्नात जेवल्या. नाहीतर घरून नेलेला डबा एका कोपऱ्यात बसून खायचा, तोही ‘काय हो, आमचं चालत नाही का?’ हे ऐकत.

मला सगळ्यांकडून हवंय ते एवढंच. आमच्यासाठी वेगळा घाट घालू नका. नाही म्हटलं तर राग मानू नका. आणि विचारलं तर अंदाजाने सांगू नका. ‘माहीत नाही’ हे उत्तर मला हजार वेळा चालेल, आम्ही ते खाणार नाही. खोटं ‘नाही’ चालत नाही.

सोसायटीच्या महाप्रसादासाठी कमिटीकडे माझी विनंती अशी. प्रत्येक पातेल्यासमोर एक कागद: दाणे, तीळ, गहू, दूध यातलं काय आहे. हिंग कुठला ते केटररला आधीच विचारायचं. ज्या पातेल्याचा डाव त्याच पातेल्यात. कुणी घरून पंचखाद्य किंवा लाडू आणले तर डब्यावर चिठ्ठी लावायची. उकडीचे मोदक असले तर फारच छान. तांदळाची पिठी, नारळ, गूळ. पिठी गव्हाच्या गिरणीतली नसली तर आमच्याकडचे चौघंही खातात.

कागद मी लिहून, लॅमिनेट करून देते. दुसऱ्या सोसायट्यांना नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.