बेस घ्या, बेस विका, वाजवायचं मात्र मनावर घेऊ नका

बेस गिटार, म्हणजे बँडमधला खालचा सूर धरणारी जाड तारांची गिटार, घ्यायचं मनात आलंय? उत्तम. मग आता निदान दोन वर्षं तरी घेऊ नका. घेतली की प्रश्न सुटला, आणि प्रश्न सुटला की चर्चेत तुम्हाला कोण विचारतो? आधी अभ्यास करा. अभ्यास म्हणजे रियाज नव्हे, तसला गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकलेला बरा. अभ्यास म्हणजे रात्री दीड वाजेपर्यंत जागून दोन पिकअपची, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागांची, तुलना करणारे व्हिडिओ बघणं, तेही मोबाइलच्या स्पीकरवर. बेसची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो स्वर धड काढताच येत नाही. कानावर पडतात ते वरचे उपस्वर, खालची रिकामी जागा मेंदू पदरचं घालून भरतो. म्हणजे दोन पिकअपमधला जो फरक तुम्हाला लख्ख ऐकू आला, त्यातला बराचसा तुमचाच. हरकत नाही. सकाळी मित्राला फोन करून सांगा, "दुसऱ्याचा लो एंड जास्त टाइट आहे रे." तो हो म्हणेल. त्यानेही मोबाइलवरच ऐकलंय.

मग पक्ष निवडा. तसे लहानसहान पुष्कळ आहेत, पण सत्तेवर दोनच: प्रिसिजन आणि जॅझ. लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्या डबल बेसवर स्वर कानाने शोधावा लागतो. याच्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे बोट ठेवलं की स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. 1960 मध्ये त्याच कारखान्यातून जॅझ बेस आला, वरच्या टोकाला निमुळती नेक (तारा जिच्यावरून जातात ती लांब दांडी) आणि एकाऐवजी दोन पिकअप घेऊन. या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे लक्षात ठेवा आणि त्यालाच आदिगुरू माना. पुढे कुणी "तुम्ही वाजवता का हो?" असं विचारलंच, तर हे उदाहरण तोंडावर फेकता येतं.

कुठला पक्ष निवडता याला महत्त्व नाही. निवडल्यावर समोरच्याची कीव करता आली म्हणजे झालं. प्रिसिजनवाल्याने जॅझला "फार पातळ" म्हणायचं, जॅझवाल्याने प्रिसिजनला "एकसुरी" म्हणायचं. ड्रम, दोन गिटारी, कीबोर्ड आणि माइक खाऊन टाकणारा गायक असा सगळा ताफा सुरू झाल्यावर यातलं नेमकं काय वाजतंय, हे पहिल्या रांगेतल्यालाही कळत नाही. पण पहिल्या रांगेतल्याचं मत आपण कधी विचारलंय?

आता लाकूड. इथे मात्र घाई करू नका, इथेच खरी मजा आहे. इलेक्ट्रिक बेसच्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वरची पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते, आणि तीच पुढे ॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जाते. लाकडाचा यात वाटा किती, यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. ते मिटवायच्या फंदात पडू नका. डोळे मिटून बॉडीवर टिचकी मारा आणि म्हणा, "आल्डर आहे, ॲश नाही." बॉडीवर रंगाचा जाड थर असल्याने खाली काय आहे हे विकणाऱ्यालाही दिसत नसतं. तो तुमच्याकडे आदराने बघेल आणि भाव दोन हजारांनी वाढवेल.

फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं ठेवायची पट्टी, रोझवूडचाच हवा, हाही हट्ट धरा. ब्राझीलचं रोझवूड सगळ्यांत भारी मानलं जातं, पण त्याच्या व्यापारावर 1992 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. त्याच्या फार आधीपासून अमेरिकेतल्या गिटारींना 'इंडियन रोझवूड' लागत आलंय. हे इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसव, सह्याद्रीच्या जंगलातलं. आजोळच्या वाड्यात झोपाळ्याला, देवघराला आणि आजोबांच्या पेटीला जे लाकूड होतं, तेच. वाडा बिल्डरला दिला तेव्हा तो झोपाळा भंगारवाल्याने किती रुपयांत नेला, ते आठवू नका. इथलं शिसव जहाजातून कॅलिफोर्नियाला जातं, तिथे त्याची नखभर जाडीची पट्टी होते, ती पट्टी बेसवर बसून परत मुंबईच्या कस्टममध्ये येते, आणि तुम्ही तिच्यावर ड्यूटी भरता. शिवाय वर म्हणता, "अमेरिकन लाकडाची सर आपल्याकडच्या लाकडाला नाही." 2017 मध्ये शिसवाच्या अख्ख्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम लागू झाले, वाद्यं परवान्यांच्या कागदांत अडकली, आणि फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच मॉडेलांवर पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड बसवलं. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. या तीनेक वर्षांतला बेस समोर आला की नाक मुरडायचं. आवाजात फरक कळला पाहिजे असं काही नाही, साल कळलं की पुरे.

सालावरून आठवलं, 1965 हा आकडा गोंदवून घ्या. त्या वर्षी फेंडर कंपनी सीबीएस या बड्या कंपनीने विकत घेतली. त्याआधीचं सगळं सोनं, नंतरचं पितळ. असा सोन्यातला बेस तुम्हाला या जन्मी परवडणार नाही, पण चर्चेला कुठे पैसे पडतात? परवडणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. 1990च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये, म्हणजे खास वाद्यं बनवणाऱ्या विभागात, नवे कोरे बेस आणि गिटारी मुद्दाम खरवडून, रंग उडवून, स्क्रू गंजवून विकतात. त्याला रेलिक म्हणतात, आणि तो धडधाकट बेसपेक्षा महाग असतो. आपल्या लोकांना हे नीट समजलेलंच नाही. हेच काम रत्नागिरीला जून ते सप्टेंबर बेस खिडकीशी ठेवला तर फुकटात होतं: तारा गंजतात, नेकला बाक येतो, नटबोल्टांवर हिरवा थर चढतो. यावर एखादा मराठी उद्योजक उभा राहायला हरकत नव्हती. पण आपण पडलो नोकरदार.

चर्चेत थोर मंडळींची नावं घ्यावीच लागतात. घ्या, पण त्यांनी काय केलं ते फार खोलात सांगू नका, आपलीच पंचाईत होते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांना 1960च्या दशकात ज्याने पाया दिला, तो जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही असं सांगतात. तुम्ही मात्र दर दोन महिन्यांनी नव्या तारा मागवायच्या आणि त्या जेमर्सनसारख्या का वाजत नाहीत यावर तासभर बोलायचं. जाको पास्टोरियस या नावाजलेल्या बेसवादकाच्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटलेले होते, आणि फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा लेप होता. असा बेस आज ठाण्यात कुणी विकायला काढला तर आपण फोटो बघूनच म्हणू, "कुणीतरी वाट लावलीय." तो बेस 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि वीसेक वर्षांनी तिथल्याच एका दुकानात उगवला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बर्गला ह्योफ्नरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. का? तर तो तीसेक पौंडांना मिळत होता, फेंडर परवडत नव्हता, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्याच्या गळ्यात तो उलटा दिसत नव्हता. लाकडाची चौकशी केल्याची कुठे नोंद नाही. हे असले लोक आपल्या धंद्याला मारक.

आपल्याकडच्यांची नावं तर घेऊच नका. राहुल देव बर्मनच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ घरोघरी ऐकले गेले, लग्नाच्या मांडवांत लोक त्यांच्या सुरावटींवर नाचले. पण त्यांच्या पिकअपचे मॅग्नेट कुठले, हे माहीत नसल्यामुळे चर्चा पुढे सरकत नाही. मुंबईचीच मोहिनी डे ए. आर. रहमानसोबत वाजवून जगभर पोहोचली. तिच्याबद्दल बोलायचंच झालं तर तिच्या हातातल्या बेसची किंमत विचारा.

एवढ्या अभ्यासानंतर एखाद्या रविवारी जुना बेस बघायला जावंच लागतं. नवा घ्यायचा असेल तर धोबी तलावला 1865 पासून चालत आलेलं फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान आहे, पण तिथे हातात दिलेला बेस निमूट वाजवून बघायची वेळ येते, सबब टाळा. जुना मात्र कुणाच्या तरी बेडरूममध्ये, पलंगाखालून काढून दाखवला जातो. गेल्याबरोबर एक डोळा मिटून नेककडे वरच्या टोकाकडून, नेम धरल्यासारखं बघा. दिसत काहीच नाही, पण "हं" म्हणा. ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या गजाला, किती जीव उरलाय ते विचारा. नेकचे स्क्रू काढून आतली पेन्सिलची तारीख किंवा शिक्का बघायचा हट्ट धरा. तो फक्त नेक कधी बनली ते सांगतो, बॉडी कुठून आली ते नाही, तरीही मान डोलवा. हे सगळं होईपर्यंत यजमानांच्या आई चहा आणि चिवडा आणतात. त्या विचारतील, "वाजवून दाखव ना रे काहीतरी." तेव्हा चार्जर शोधायला लागा.

भाव ठरवायची रीत सोपी. त्याने चाळीस सांगितले की तुम्ही अठरा म्हणायचे, त्याने दुखावलं जायचं, तुम्ही "बाहेर नवा एवढ्यातच येतो" म्हणायचं. येत नसतो, हे दोघांनाही ठाऊक. मग तुम्ही वीस, एक पेडल आणि भावाची जुनी सायकल असा प्रस्ताव मांडा.

ॲम्पबद्दल थोडक्यात. ॲम्पेगने 1969 मध्ये आणलेला 300 वॅटचा एसव्हीटी घ्या. नुसतं हेडच, म्हणजे स्पीकर सोडून उरलेला ॲम्प, चाळीस किलोच्या आसपास, आणि आठ स्पीकरचं खोकं साठ किलोच्या वर, त्याला जगभर फ्रिजच म्हणतात. आजकाल तेवढ्याच ताकदीचे दोन-अडीच किलोचे ॲम्प दप्तरात मावतात, पण त्यांचा अभिमान कसा बाळगणार? फ्रिज डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवला की सोसायटीच्या सभेत तुमचं नाव निघतं. त्याचा आवाज दोनच्या पुढे नेता येत नाही, खालच्या काकांना बीपी आहे.

आणि मग विकायला काढा. विकण्यासाठीच तर घेतला होता. "घरीच वाजवलेला, एकदाही स्टेजवर नेलेला नाही" ही ओळ सगळ्यांत वर टाका. इतर कुठल्या वाद्याच्या बाबतीत ही कबुली वाटली असती, इथे तीच भूषण ठरते. कारण म्हणून "परदेशी जातोय" लिहा. "बायको म्हणाली" असं खरं लिहिलंत तर भाव पडतो. फोटो पलंगावर चादर अंथरून काढा, चादरीवर मोर असले तरी चालेल. बॉडीवरच्या ठोकरीचा फोटो शेवटी, जरा धूसर. विकून झाला की आठवड्याने त्याच माणसाला फोन करून "परत देणार का?" विचारायचं असतं. तो पाच हजार वाढवून सांगतो, आपण देतो.

एका गिऱ्हाइकापासून मात्र जपा. कल्याणहून किंवा पिंपरीहून कॉलेजचा एखादा मुलगा येतो, पायात फ्लोटर्स, पाठीवर रिकामी बॅग. तो साल विचारत नाही. लाकूड विचारत नाही. नेककडे एक डोळा मिटून बघत नाही. ॲम्पला लावतो, सूर जुळवतो आणि सरळ वाजवायला लागतो, चारच स्वर, पण लयीला धरून, जागच्या जागी. खिडकीची तावदानं थरथरतात, आतून आई बाहेर येऊन दारात उभ्या राहतात. त्याला म्हणा, "सॉरी रे, सकाळीच एकाने टोकन दिलंय." बेस अशाच्या हाती पडला तर तो परत बाजारात येत नाही, आणि मग आपण काय विकायचं, कशावर बोलायचं? तो ऐकून घेईल, बेस पुसून पलंगावर ठेवेल आणि चप्पल घालताना विचारेल, "काका, मग तो फ्रिज तरी देणार का? खाली टेम्पो उभाय."