सोया स्मूदी फाटली, वासही आला: सांगलीच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण काय केलं ते तुम्ही नीट लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: माझ्या सोया स्मूदीच्या कृतीत सोयाबीन उकळत्या पाण्यात वाटायला सांगितलं होतं. ताईंनी मिक्सर खराब होईल म्हणून ते गार पाण्यात वाटलं, दूध वर येताच गॅस बंद केला आणि कोमट असतानाच त्यात स्ट्रॉबेरी फिरवली. कच्चट वास आला, स्मूदी फाटली, रात्री पोट गुबारलं. वर त्यांचा सवाल, ‘कोंबड्यांचं खाद्य माणसांना कशाला पाजता? पिशवीतल्या दुधाने काय घोडं मारलंय?’

आधी वासाचं बघू. अख्ख्या दाण्याला तो वास नसतो, तो मिक्सरमध्ये तयार होतो. सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा फुटून पाणी आणि हवा लागली की ते दाण्यातल्या तेलावर काम सुरू करतं आणि बघता बघता हिरवट वास धरतो. मग वेलची घाला नाहीतर व्हॅनिला, तो हटत नाही. साधारण ८० अंशांच्या वर हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून ‘उकळत्या पाण्यात वाटा’ ही ओळ गाळून चालत नाही.

मिक्सरची काळजी मलाही आहे. रात्रभर भिजलेले दाणे चोळून सालं काढा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, पोटात वात धरणाऱ्या साखरा थोड्याफार त्यात उतरलेल्या असतात. मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात दाणे पाच मिनिटं ठेवून तेही पाणी ओतून टाका. मग दाणे आणि ताजं उकळतं पाणी घालून मिक्सरचं स्टीलचं भांडं अर्धंच भरायचं, झाकणावर दुमडलेला फडका दाबून धरायचा आणि थांबत थांबत फिरवायचं. काठोकाठ भरलंत तर वाफेने झाकण उडतं. ओटा, भिंत आणि तुम्ही, सगळंच सोयामय.

पोट गुबारलं ते बहुधा गॅस लवकर बंद केल्यामुळे. सोया दूध खरी उकळी यायच्या आधीच फेसाळून वर येतं आणि फसवतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते घालवायचे तर फेस बसवून, मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर तळ ढवळत १५-२० मिनिटं उकळावंच लागतं.

आता स्ट्रॉबेरी. गरम सोया दुधात लिंबू पिळलं की टोफू होतो, तुमच्या पेल्यात तेच झालं. आंबट फळ आणि कोमट दूध म्हटल्यावर प्रथिनं गोळा होणारच. अननस, संत्रं यांचंही तसंच. सोया दुधाला गोड, गरवाली फळं मानवतात: केळं, चिकू, पिकलेली पपई, सीताफळ (बिया आधी काढा, वाटल्या गेल्या तर कडू होतं). माझं ठरलेलं माप म्हणजे एक पेला थंडगार दूध, एक केळं, दोन चिकू, दोन बिनबियांचे खजूर, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने सोयाची चव दबते. स्ट्रॉबेरी हवीच असेल तर याच मिश्रणात शेवटी दोन-तीन टाका आणि लगेच प्या.

कोंबड्यांचं म्हणाल तर त्यांना जाते ती तेल काढल्यावर उरलेली पेंड, प्रथिनं भरपूर म्हणून. तेल तर आपल्या कढईत कधीचंच आलंय. खर्चाचं बोलायचं तर २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. किराणा दुकानात दुप्पट दर लावला तरी १०० ग्रॅम दहा-अकरा रुपयांना पडतं, आणि तेवढ्यात पाऊण लिटरच्या आसपास दूध निघतं. गॅस आणि खटपट वेगळी, ते मान्य.

पिशवीतलं दूध पचत असेल तर ते सोडा असं मी म्हणतच नाही. घरच्या सोया दुधात कॅल्शियम गाई-म्हशीच्या दुधापेक्षा बरंच कमी असतं आणि बी-१२ नसतंच. माझ्या घरी दूध पचत नाही म्हणून ही खटपट. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं.

आणि दूध गाळल्यावर उरलेला चोथा फेकलात असं लिहिलंय, तो पुढच्या वेळी ठेवा. घट्ट पिळून थालीपिठाच्या भाजणीत कालवायचा, एक वाटी भाजणीला पाव वाटी. याहून जास्त घातलात तर थालीपीठ थापताना तुटतं.