एक पाइंट अळ्या

इंग्लंडात अळ्या पाइंटने मिळतात, बिअरसारख्या. हे मला १५ जूनच्या संध्याकाळी कळलं, कारण पक्या झाकणाला भोकं पाडलेला एक डबा घेऊन दारात उभा आणि म्हणतोय, "वहिनी, एवढा फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी नेतो." हिला वाटलं इडलीचं पीठबीठ असेल, फुगतंय म्हणून भोकं. ठेवला बिचारीने श्रीखंडाच्या शेजारी. रात्री दूध काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे हलतंय!" पुढचं संभाषण इथे देत नाही. पक्याने स्वतःच्या घरी का नाही ठेवला तर त्याच्या बायकोला अळ्या म्हणजे काय हे आधीच माहीत होतं.

अळ्या होत्या मासे धरायच्या गळाला लावायला. आणि १६ जूनलाच का, तर इथे नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, माशांचा विणीचा हंगाम म्हणून, आणि १६ला उघडते तेव्हा लोक सणासारखे काठावर जाऊन बसतात. आपल्याकडे १६ जून म्हणजे नवीन दप्तर, नवीन रेनकोट आणि शाळेच्या गेटवर भोकाड. इथे दप्तर आणि भोकाड सोडून बाकी सगळं तसंच होतं.

पक्या मूळचा चिपळूणचा, वाशिष्ठीच्या काठावर वाढलेला, त्यामुळे पाण्यात राहणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे असं त्याचं म्हणणं. "अरे पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात, आम्ही हाताने उचलायचो, गरी पण लागत नाही. पावसात तर मासा वेडा होतो." रेडिंगजवळ थेम्सच्या काठी सकाळी सहा वाजता आम्ही उतरलो तेव्हा पाऊस जोरात होता आणि वेडे दोघंच दिसत होते.

सामान मात्र लग्नाच्या वऱ्हाडाएवढं. दोन काठ्या, हातजाळी, अळ्या, मक्याच्या दाण्यांचा टिन, डबाबंद मटणाची वडी (हेही आमिषच, माझा नाश्ता नव्हे, हे मला तोंडात टाकल्यावर सांगण्यात आलं) आणि एक मऊ गादी. मला वाटलं बसायला असेल. नाही. ती माशाची. म्हणजे मासा लागला की त्याला ओल्या हाताने अलगद धरायचा, गादीवर निजवायचा, गळ काढायचा, फोटो घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मासा गादीवर आणि आम्ही दोघं एका स्टुलावर आळीपाळीने.

"सोडायचा? मग आलोय कशाला?"

"स्पोर्ट आहे रे."

हिने घरी वाटण काढून ठेवलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

मग फ्लोटकडे बघत बसणं. फ्लोट म्हणजे पाण्यावर उभं राहणारं लाल टोक, ते बुडलं की मासा. पण पावसाचे थेंब पडत असले की ते सारखंच बुडल्यासारखं वाटतं, त्यामुळे पहिल्या तासात मी अकरा वेळा काठी ओढली आणि दर वेळी तीच अळी परत आली, दर वेळी थोडी जास्त कंटाळलेली. रोच, ब्रीम, पर्च, चब, पक्याने इथे मिळणाऱ्या माशांची नावं हजेरीसारखी घेतली, ओ द्यायला कोणीही नव्हतं.

आणि अळ्यांचं एक शास्त्र आहे. कोरडी अळी डब्याच्या उभ्या भिंतीवर चढू शकत नाही, ओली झाली की चिकटते आणि सरसर चढते. पक्याने झाकण उघडं ठेवलं होतं. माझ्या बाहीत काहीतरी थंड चालतंय असं वाटलं तेव्हा मी आधी पावसाचं पाणी समजून दुर्लक्ष केलं, मग लक्षात आलं की पाणी कोपराकडून खांद्याकडे जात नाही. त्यानंतर मी जो नाच केला तो समोरच्या काठावरच्या बदकांनी थांबून बघितला.

येणारे-जाणारे वेगळेच. इथे वादळ येऊ दे, कुत्रा फिरवायला माणूस निघणारच, आणि काठी दिसली की विचारणारच, "एनी लक?" सातव्या माणसाच्या लॅब्राडोरने मटणाची वडी खाऊन टाकली, माणूस सॉरी म्हणाला आणि जाता जाता म्हणाला, "एनी लक?" दहाच्या सुमाराला रेनकोटातला एक साहेब आला, त्याने लायसन्स मागितलं. गळाने मासे धरायला इथे लायसन्स लागतं, नसलं तर २५०० पौंडापर्यंत दंड. आमच्याकडे दोघांची होती, त्याने ओल्या फोनवर नीट वाचली, आमच्या रिकाम्या जाळीकडे बघितलं, आणि त्यालाही राहवलं नाही.

एकही मासा न मिळण्याला इथले लोक 'ब्लँक' म्हणतात. शब्द चांगला आहे, परीक्षेच्या आठवणी येतात. दीड वाजता पक्याने टिन फोडला, मक्याच्या दाण्यांवर खिशातून मीठ-तिखटाची पुडी काढून शिंपडली (हा माणूस पुडी घेऊन फिरतो, याच गुणावर मैत्री टिकली आहे) आणि आम्ही गाडीत बसून माशांचं जेवण खाल्लं.

घरी हिने विचारलं, "किती मिळाले?"

पक्या म्हणाला, "सगळे सोडले, वहिनी."

"फोटो?"

पक्याला एकदम उशीर व्हायला लागला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण डब्यातून किती अळ्या बाहेर पडल्या आणि किती परत आल्या याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, गाडी उन्हात उभी होती, दार उघडलं तर आत निळ्या-हिरव्या माश्यांचं संमेलन. सीटखालून अजून नवे प्रतिनिधी येत होते. तिथूनच पक्याला फोन लावला आणि तोंडाला आलं ते सगळं बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"काच खाली कर आणि सोडून दे," म्हणाला. "पकडलेलं ठेवत नाहीत इथे."