खरा फोटो कुठाय?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर जाम वादावादी झाली. भाचा एका बिल्डरकडे मार्केटिंगला आहे, त्याने नव्या प्रोजेक्टचं ब्रोशर टाकलं आणि वर लिहिलं, मामा बघा, फोटो मजकूर सगळं एआयने, एका दुपारीत! अर्ध्या लोकांनी लाइक ठोकले, उरलेल्यांनी ही शुद्ध फसवणूक आहे म्हणून आरडाओरडा केला, आणि मग नेहमीचा प्रश्न माझ्याकडे: तुमच्या अमेरिकेत असलं चालत नाही ना रे?

चालतं की. मी कॅलिफोर्नियात राहतो. मागच्या खेपेला भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एका लिस्टिंगमध्ये बेडरूममध्ये डबलबेड, टेबल, कोपऱ्यात आरामखुर्ची, प्रत्यक्षात गेलो तर तिथे डबलबेड टाकला की दारच उघडणार नाही अशी खोली. म्हणजे एआयने खोली मोठी केली नव्हती, फर्निचर बारीक केलं होतं (हे जास्त बेरकी, कारण भिंती खऱ्याच असतात त्यामुळे संशय येत नाही). खिडकीबाहेरच्या विजेच्या ताराही गायब केल्या होत्या.

असले प्रकार इथेही चालतात म्हणून तर कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२६ पासून कॅलिफोर्नियात एबी ७२३ नावाचा कायदा लागू झालाय. एजंटने विक्रीच्या जाहिरातीतला फोटो एआयने किंवा कुठल्याही सॉफ्टवेअरने बदलला असेल, फर्निचर घातलं, भिंतीचा रंग बदलला, बाहेरचा खांब पुसला, तर फोटोजवळच तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटो बघता येईल अशी लिंक किंवा क्यूआर कोड द्यायचा. नुसता उजेड वाढवला, फोटो सरळ केला, कडा कापल्या तर चालतं. मला हे आवडलं, कारण एआय वापरू नका असं कोणी म्हणत नाहीये, फक्त खरा फोटो शेजारी ठेवा.

मग ग्रुपवरचे काका म्हणाले, हाच कायदा महाराष्ट्रात आणा. इथे माझं पटत नाही. आपल्याकडे बराचसा बाजार बांधकाम चालू असलेल्या घरांचा, तिथे मूळ फोटो म्हणजे काय, खड्डा आणि पत्रे? जे अजून बांधलंच नाही त्याचा खरा फोटो म्हणजे मंजूर नकाशा, आणि तो बघायची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ आहेच, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मिळते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. चित्र माणसाने काढलं की मशीनने याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. पण आम्ही परदेशातली मंडळी व्हॉट्सअपवर आलेल्या चित्रावर टोकन पाठवतो आणि कोड स्कॅन करायचा कंटाळा करतो, मीही केलाय, खोटं कशाला बोलू.

भाच्याला मात्र मी चित्रांपेक्षा मजकुरावरून झापलं. मराठी पानावर चक्क लिहिलं होतं, 'चटई क्षेत्र निर्देशांक ६५० चौरस फूट'. अरे बाबा, चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, तो चौरस फुटात कसा मोजशील! दोन्हीत चटई दिसली, मशीनने एकात एक गुंडाळून टाकली, आणि इंग्रजी पान तपासलं म्हणून मराठी कोणी वाचलंच नाही. पुढे 'मेट्रो पाच मिनिटांवर', हे कुठून आणलंस विचारलं तर म्हणे एआयनेच घातलं. आणि 'सुसंस्कृत कुटुंबांसाठी'. हे वाक्य इथल्या एजंटने लिहिलं तर तो गोत्यात येऊ शकतो, कारण अमेरिकेचा १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा जाहिरातीत वंश, धर्म, मुलंबाळं असल्या गोष्टींवरून पसंती-नापसंती दाखवायला मनाई करतो, नुसतं सूचित केलं तरी. आपल्याकडे हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला खटकतही नाही, मशीन आपल्याच जुन्या जाहिराती वाचून शिकलंय, त्याला काय दोष द्यायचा.

आता त्याच्या साहेबांना वेबसाइटवर चॅटबॉट हवाय, रात्री दोन वाजता पझेशनची तारीख सांगणारा. मी त्याला एअर कॅनडाची गोष्ट सांगितली. त्यांच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला, कंपनी म्हणाली बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले. बॉटने 'डिसेंबरला ताबा' म्हटलं तर ते तुमच्याच कंपनीने म्हटलं, असं धरून चाल.

भाच्याने चटई दुरुस्त केली, मेट्रो काढली, चित्रांखाली 'काल्पनिक चित्र' असं ठळक लिहिलं. साहेबांना सगळं आवडलं म्हणे, फक्त तो क्यूआर कोड खाली कोपऱ्यात बारीक करून टाक, डिझाइन बिघडतंय.