खंबाटकीला किती घोडे लागतात?

गेल्या दिवाळीत साताऱ्याला, शाहूपुरीतल्या आमच्या घरी चकलीपेक्षा जास्त चघळली गेली ती पुतण्याची गाडी. त्याच्याकडं रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर आहे, 648 सीसी, 47 पीएस, म्हणजे ढोबळमानानं तेवढ्या घोड्यांची ताकद. ती विकून कावासाकीची निंजा 1100 एसएक्स घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. 1,099 सीसी, 136 पीएस, लांब पल्ल्याची पण अंगात रग असलेली गाडी. दादाचं म्हणणं, घाटात एसटीच्या मागं जायला एवढे घोडे कशाला? त्यात सप्टेंबरात जीएसटी बदलला. 350 सीसीपर्यंतच्या गाड्या 28 वरून 18 टक्क्यांवर आल्या नि त्यावरच्या थेट 40 वर गेल्या. दादाला आयतंच कारण मिळालं. पुतण्याचं उत्तर तयार होतं: "काका जर्मनीत 119 पीएसची गाडी फिरवतात, त्यांना कोण काय बोलतं का?"

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

माझी गाडी यामाहाची ट्रेसर 9. तीन सिलिंडर, 890 सीसी, आणि 119 पीएस हे खरंच आहे. मी स्टुटगार्टजवळ राहतो. वेगाची मर्यादा नसलेला ऑटोबान, म्हणजे इथला महामार्ग, दारात आहे म्हणा ना. तरीही त्या 119 पैकी मी वापरतो किती, हे एकदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. सपाट रस्त्यावर ताशी 100 किमीनं जाताना गाडीला ढोबळमानानं दहा-बारा पीएस पुरतात. 130 ला वीस-पंचवीस. बहुतेक खर्च हवा कापण्याचा, आणि तो वेगाच्या घनानं वाढतो. वेग दुप्पट झाला की वारा आठपट ताकद मागतो. म्हणून 200 ला सत्तर-ऐंशी पीएस लागतात. 200 नं मी आयुष्यात किती वेळ गेलो असेन? सगळा जमेस धरला तर एक चहा पिऊन होईल एवढा. ऑटोबानवर 130 हा सरकारनं सुचवलेला वेग आहे, आणि त्यापुढं अर्ध्या तासात मान अवघडते, पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर इथंही 100 चीच मर्यादा आहे. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर 80.

आता खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याला येताना लागणारा घाट. दोघं जण, मागं पेट्या, गाडीसकट चारशे किलो वजन धरा. शंभर मीटरला सहा मीटरचा चढ नि ताशी 60 धरा. चढ, वारा, टायरची घासण सगळं मिळून दहा पीएसच्या आत हिशोब मिटतो. आबांच्या आरएक्स 100 ला 11 होते, आणि त्या 11 वर आम्ही यवतेश्वरचा घाट विमानात बसल्यासारखे चढायचो.

पण दादा जिंकला असं नाही. नुसतं चढणं वेगळं आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मोकळ्या जागेत झटकन मागं टाकणं वेगळं. 20 पीएसच्या बुलेटवर डबलसीट, सामान घेऊन ट्रक ओलांडायचा म्हणजे आधी गिअर पाडायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. समोरून येणाऱ्या गाडीच्या आत आपलं काम उरकायला शिल्लक ताकद पाहिजेच. माझ्या मते ती शिल्लक चाळीस-पन्नास पीएसच्या गाडीत पुरेशी येते. शंभरच्या पुढं जे आहे ते हौशीचं. हौसेला माझी हरकत नाही. मी स्वतः त्याच पंगतीतला. फक्त तिला गरज म्हणू नये.

गाड्या बनवणाऱ्यांनाही हे कळतं. बीएमडब्ल्यूनं 1976 मध्ये आर 100 आरएस काढली, पूर्ण फेअरिंगची (वारा अडवणाऱ्या आवरणाची), लांब प्रवासाची, तिला 70 पीएस होते आणि लोक तिच्यावर युरोप पालथा घालायचे. जर्मन बाजारात बरीच वर्षं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, कंपन्यांनी आपणहून 100 पीएसची वेस घालून घेतली होती. फ्रान्समध्ये तर तशी कायद्याचीच मर्यादा होती, ती 2016 मध्ये उठली. आज कावासाकीची एच2 एसएक्स 200 पीएसची मिळते, आणि होंडाची एनटी 1100 त्याच कामासाठी 102 वर समाधानी आहे. गंमत म्हणजे पुतण्याच्या स्वप्नातली निंजा आधी 1000 सीसीची होती तेव्हा 142 पीएसची होती. इंजिन मोठं केलं, पीएस 136 वर आणले आणि टॉर्क 111 वरून 113 न्यूटन मीटर केला. कारण घाटात उपयोगी पडते ती खालच्या आरपीएमची ओढ. दहा हजार आरपीएमवरचा आकडा कट्ट्यावर सांगायला बरा.

हे सगळं मी दिवाळीत सांगितलं. पुतण्या म्हणाला, "मग तुम्ही 119 ची का घेतली?"

खरं उत्तर देताना मला लाज वाटली, पण दिलं: हौस. आणि ती गाडी हातात यायच्या आधी काय झालं तेही सांगितलं. भारतातलं लायसन्स जर्मनीत सहा महिनेच चालतं. पुढं लेखी नि गाडीवरची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. साताऱ्यात आमच्या वेळी मित्राच्या स्प्लेंडरवर मैदानात आठचा आकडा काढला की झालं. त्याच लायसन्सवर उद्या 200 पीएसची गाडी घेतली तरी कुणी अडवत नाही. इथं अठराव्या वर्षी मिळतं ते ए2 वर्गाचं लायसन्स, म्हणजे 35 किलोवॅट, 48 पीएसपर्यंत. दोन वर्षांनी पुन्हा गाडीवर परीक्षा, मग मोठ्या गाड्यांचा ए. थेट ए हवा असेल तर वय 24 पाहिजे. शिवाय बारा सक्तीचे धडे: पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर, तीन अंधारात.

वयामुळं मी थेट ए ला बसलो आणि पहिल्याच फेरीत नापास झालो. ताशी 50 वरून जमेल तेवढ्या लवकर गाडी थांबवायची होती. मी थांबवली, मागच्या ब्रेकवर. मागचं चाक घसरत, शेपूट हलवत बरंच पुढं गेलं. परीक्षकानं शांतपणे विचारलं, पुढचा ब्रेक बिघडलाय का? कसं सांगणार त्याला, की पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पलीकडं जातो हे आमच्याकडं लहानपणापासून ऐकवतात! पंधरा वर्षं गाडी चालवली होती आणि थांबवायला एकदाही शिकलो नव्हतो. त्या दिवशी माझ्याखाली 136 पीएस असते काय नि 11 असते काय.

म्हणून घरचा वाद मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो. कुणाला केवढी गाडी मिळावी हे इथं आधी वय नि परीक्षा ठरवतात. आपल्याकडं ते पाकीट ठरवतं आणि जीएसटीच्या 40 टक्क्यांनी ते आणखी पक्कं केलं. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल ताशी 80 आहे. तेवढ्यासाठी इंटरसेप्टर दोनदा पुरून उरते. पण ज्याच्याकडं पैसे आहेत तो वीस वर्षांचा पोरगा पहिलीच गाडी म्हणून लिटरवाली, म्हणजे 1000 सीसीची, उचलतो आणि अंधारात, हायवेवर, मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीशी त्याची गाठ पडते. जर्मन पद्धत देवानं दिलेली आहे असंही नाही. शिकवणी महाग पडते, आणि पन्नाशीत पुन्हा गाडी घेणारे, जुनं लायसन्स असलेले काका लोक डोंगरात पडतातच. तरी 48 पीएसवर दोन वर्षं काढायची सक्ती आपल्याकडं यावी असं माझं मत आहे. ती येईपर्यंत पुतण्यानं ती आपली आपण पाळावी. त्याची एनफिल्ड बरोबर त्या मापाची आहे.

परत निघायच्या आदल्या दिवशी त्याला गावाबाहेरच्या एका रिकाम्या मैदानात नेलं. दोन विटा ठेवल्या: एकीपाशी ब्रेक मारायचा, दुसरीच्या आत थांबायचं. अंतर मी पावलांनी मोजून घेतलं होतं. पहिल्यांदा ताशी 50 वरून तो दुसरी वीट ओलांडून चांगला पुढं गेला. गाडीला दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय, असूनही हात पुढच्या ब्रेकवर जायला तयार नव्हता, पाय मात्र आपोआप दाबला जात होता. सहाव्या-सातव्या वेळी पुढच्या चाकाचा फोर्क नीट दबला नि गाडी विटेच्या हातभर आत उभी राहिली. हेल्मेट काढलं तेव्हा घामानं निथळत होता. निंजाचं नाव त्या संध्याकाळी निघालं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत निघेल, मी ओळखून आहे.

दादा मैदानाच्या कडेला अ‍ॅक्टिव्हावर बसून सगळं बघत होता. आम्ही विटा उचलायला लागलो तसा म्हणाला, "राहू दे त्या. मला पण एकदा मारू दे."