कॅबिनेट उघडू नका

तुमचा गेमिंग पीसी म्हातारा झालाय. त्यात काही सुट्टं सामान टाकून अपग्रेड करावं की सरळ नवाच घ्यावा, या विचारानं तुम्हाला झोप नाही. इतका विचार करताय म्हणजे नवा घ्यायचं तुमचं ठरलेलंच आहे. घरी काय सांगायचं, एवढंच राहिलंय. त्या कामी मी तुम्हाला उपयोगी पडू शकतो. अमळनेरात बसून दोन उन्हाळे मी हाच उद्योग केला.

माझं धूड 2017 चं. आय-फाइव्ह 7400 प्रोसेसर, जीटीएक्स 1060 सहा जीबीवालं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं काढणारं), आठ जीबी रॅमची एकुलती एक पट्टी, आणि विंडोज सुरू होताना रहाटासारखी कुरकुरणारी हार्ड डिस्क. गेम अडखळायला लागला की मी खुर्ची मागं ढकलून मोठ्यानं म्हणायचो, "आता याच्यात काही राहिलं नाही." मोठ्यानं म्हणणं महत्त्वाचं, ओसरीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: नेमकं काय बिघडलंय हे शोधायला जाऊ नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान आणि टक्के दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, ती चुकूनही टाकू नका. कार्ड 99 टक्क्यांवर राबतंय आणि प्रोसेसर निवांत आहे, म्हणजे कार्ड कमी पडतंय. प्रोसेसर शंभरावर आणि कार्ड साठावर रेंगाळतंय, म्हणजे दोष प्रोसेसरचा. दोन्ही रेंगाळतायत आणि तापमान नव्वदीच्या पुढं, म्हणजे फक्त उकडतंय. असे आकडे एकदा घरच्यांना दिसले की चर्चा दहा मिनिटांत संपते आणि खर्च पाचशे रुपयांत आटोपतो. मग तुम्ही कुठे तोंड दाखवणार?

आपल्याकडं तर हे पथ्य दुप्पट पाळा. प्रोसेसर खोलीतल्या हवेनंच गार होतो, म्हणून खोली जितकी अंश तापते, जवळजवळ तितकंच त्याचं तापमान चढतं. डिसेंबरात पंचवीस अंशांच्या खोलीत सत्तरीत राहणारा प्रोसेसर मे महिन्यात, बाहेर पारा 45 च्या वर असताना, नव्वदीला टेकणार. शंभराच्या आसपास गेला की तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, आणि तुमचा गेम चिखलातून चालल्यासारखा चालतो. माझा पीसी दरवर्षी आखाजीला आजारी पडायचा आणि पोळ्यापर्यंत आपोआप बरा व्हायचा. हा योगायोग मी घरात कुणाला कळू दिला नाही. तुम्हीही खरेदीचा विषय एप्रिलच्या दुपारी काढा. दिवाळीत काढाल तर मशीन नेमकं गुळगुळीत चालून तुमचं नाक कापेल.

आता अपग्रेडचा मार्ग. हा स्वस्त आहे असं समजणाऱ्यांनी तो जरूर धरावा. समजा तुम्ही फक्त कार्ड बदलायचं ठरवलंत. दुकानातला भाऊ म्हणेल, "बॉटलनेक होईल." शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या बापजाद्यांना ठाऊक आहे. जुवाला एकीकडं तरणा खोंड आणि दुसरीकडं थकलेला बैल जुंपला, तर गाडी थकलेल्याच्याच चालीनं चालते. आय-फाइव्ह 7400 ला कोअर (काम करणारे हात) चार आणि थ्रेडही (एका वेळी हाताळायची कामं) चारच, तो नव्या खोंडाला काय साथ देणार? म्हणून प्रोसेसर बदला. प्रोसेसरसाठी बोर्ड, म्हणजे सगळं सामान ज्यावर बसतं तो मदरबोर्ड, बदला, कारण इंटेलनं 2017 च्या जानेवारीत सातवी पिढी (माझा 7400 त्यातलाच) आणली आणि ऑक्टोबरात आठवी. दोन्हींचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, 1151 पिनांचंच, पण आठवी पिढी जुन्या बोर्डावर चालायची नाही. नांगर तोच, फाळ तोच, पण शेत नवीन घ्या. (2017 मध्ये एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांचा एएम-फोर बोर्ड घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बायोस, म्हणजे बोर्डातलंच सॉफ्टवेअर, अपडेट करून त्याच बोर्डावर 2022 चा 5800 एक्स-थ्रीडी प्रोसेसर बसवला. अशा लोकांकडं चहाला जाऊ नका, रात्रभर मळमळतं.)

बोर्ड नवा आला की रॅम डीडीआर-फाइव्ह. जुनी डीडीआर-फोर पट्टी त्यात बसत नाही, पिना दोन्हीकडं 288 असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. कार्ड जास्त वीज ओढतं म्हणून पॉवर सप्लाय बदला. कार्ड लांब आहे म्हणून कॅबिनेट बदला. शेवटी जुन्यातलं काय उरलं? पॉवरची वायर आणि माउसपॅड. याला अपग्रेड म्हणायचं. हत्ती गेला, शेपूट तेवढं सांभाळलं.

रॅमबद्दल दोन शब्द जास्त. जळगावला सोनं घ्यायला जाणारी आपली माणसं आधी आजचा भाव विचारतात, मग दुकानाची पायरी चढतात. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की आता तिचाही भाव सकाळी विचारावा लागतो. ही संधी सोडू नका. "आज घेतली नाही तर उद्या आणखी महाग होईल," हे वाक्य सराफ्यात पिढ्यानपिढ्या चाललंय, घरातही चालतं.

जुनं कार्ड हवं असेल तर तेही मिळतं. इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते कमावणं, सप्टेंबर 2022 मध्ये बंद झालं आणि त्यात जुंपलेली कार्डं झाडूनपुसून बाजारात आली. विकणारा म्हणतो, "घरगुती वापर, फक्त मुलगा खेळायचा." बैल घेताना आपण दात मोजतो. कार्डाला दात नसतात, ही विकणाऱ्याची मोठीच सोय.

विंडोजचं कारण मात्र खरंच भक्कम आहे. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज इलेव्हन अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं. माझा सातवीतला, एका इयत्तेनं नापास. हे कारण आधी वापरू नका, शेवटच्या हप्त्यासाठी राखून ठेवा. मी ते पहिल्याच दिवशी उधळलं. आप्पांनी विचारलं, "मंग काल कसा चालू व्हता?" उत्तर नव्हतं.

आणि इथंच माझी चूक झाली. आप्पा उठले, कॅबिनेटकडं बोट दाखवून म्हणाले, "पहिले झटकी तं दख!" मी बॉटलनेक सांगितला, सॉकेट सांगितलं, डेटा सेंटरं सांगितली. त्यांनी मला मोटारसायकलच्या मागं बसवलं, कॅबिनेट माझ्या मांडीवर दिलं आणि थेट पंक्चरच्या दुकानात नेलं. आमचं घर जिनिंगच्या अंगाला. कापसाच्या हंगामात तंतू उडून दाराच्या पडद्यावर बसतात, तेव्हा आत काय असेल याचा अंदाज मला यायला हवा होता. झाकण काढलं तर प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांवर राखाडी गादी घातलेली. नखानं ओढली तर अख्खी, चौकोनी, सुटून हातात आली. प्रोसेसरवरची, उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट परातीला वाळलेल्या पिठासारखी तडकलेली. पंक्चरवाल्यानं पंख्याच्या पात्यात काडी अडकवून लांबूनच हवा मारली, धुरळ्यात तिघंही खोकलो. दहा रुपये घेतले. पेस्टची नळी आणि रॅमची आणखी एक जुनी पट्टी मी मुकाट्यानं आणून बसवली.

त्या रात्री गेम अडखळला नाही. तासभर खेळलो, प्रोसेसर शहात्तर अंशांवर. दोन वर्षं जपलेलं निमित्त गेलं. मी हताश होऊन बसलो असताना माय आत आली. टेबलावर ठेवलेली ती राखाडी गादी तिनं उचलली, दोन बोटांत दाबून पाहिली.

"यामा तं दोन वाती व्हतीन," ती म्हणाली, आणि घेऊन गेली.