"सगळी गाणी फ्लॅकमधे करून घ्या" वाल्या फॉरवर्डचं काय करायचं

तो मेसेज परत फिरायला लागलाय. जुनी गाणी, नाट्यसंगीत, रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर तर कोणी ना कोणी टाकतंच. मजकूर साधारण असा, की एमपीथ्री काढणाऱ्यांनीच ते बंद केलंय, १२८ ची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) गाणी म्हणजे कचरा आणि ३२० म्हणजे सीडी क्वालिटी, तुमच्याकडची सगळी गाणी कन्व्हर्टर लावून फ्लॅकमधे (आवाजातलं काही न गाळता साठवणारा फॉरमॅट) करून घ्या म्हणजे आवाज सुधारेल, जमलं तर २४ बिट १९२ मधेच करा कारण फाईल जेवढी मोठी तेवढा आवाज चांगला, आणि जाता जाता, एमपीथ्रीने कान खराब होतात. यात फ्लॅक हा चांगला फॉरमॅट आहे एवढंच बरोबर आहे, आणि त्याचाच सल्ला सगळ्यात उलटा दिलाय.

पहिलं ते "बंद केलंय" वालं उरकून टाकू. २३ एप्रिल २०१७ ला जर्मनीतल्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटचा एमपीथ्रीच्या पेटंटचा लायसन्सिंग प्रोग्रॅम संपला, कारण पेटंटच संपत आली होती. म्हणजे त्या दिवसापासून एमपीथ्री वापरायला कोणाला पैसे द्यायची गरज उरली नाही, फेडोरा लिनक्सवाल्यांनी तर लगेच एमपीथ्रीचा एन्कोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) आपल्यात घेतला. पण बऱ्याच बातम्यांनी मथळा दिला की एमपीथ्री मेलं. फुकट झालेल्या गोष्टीला मेलेली म्हणायचं हे एक भारीच. त्याच वेळी फ्राउनहोफरने एएसी हा त्यानंतरचा फॉरमॅट जास्त चांगला आहे असंही सांगितलं होतं, ते खरंच आहे, पण तो वेगळा मुद्दा.

आता मुख्य. "जुनी एमपीथ्री फ्लॅकमधे केली की आवाज सुधारतो." नाही सुधारत राव. एमपीथ्री बनवताना काय होतं ते बघा, आवाजाचे बारीक बारीक तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यात मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज माणसाच्या कानाला तसेही झाकले जातात ते ढोबळ करून टाकले जातात किंवा सरळ उडवले जातात, शिवाय १२८ ला वरचा साधारण १६ हजार हर्ट्झच्या पुढचा भाग बहुतेक एन्कोडर कापूनच टाकतात. हे गेलं ते गेलं, ते त्या फाईलमधे कुठे लपून बसलेलं नसतं की कन्व्हर्टर शोधून आणेल. फ्लॅक काय करतं, तर त्याला जे दिलं ते एक बिटही न हरवता छोट्या जागेत बसवतं. कचरा दिला तर कचराच जपून ठेवतं, इमानदारीत. झेरॉक्सला लॅमिनेशन केलं म्हणून ती ओरिजिनल होत नाही. पाच मिनिटांचं १२८ चं गाणं ४.८ एमबीचं असतं, ते फ्लॅक केलं की पाचसात पट फुगतं आणि ऐकायला डिट्टो तेच. तेच १२८ चं ३२० एमपीथ्री केलं तर अजून वाईट, कारण आधीच काटछाट झालेल्या आवाजावर परत एकदा काटछाट होते आणि वर फाईलचं नाव "एचडी ३२०".

असली फुगवलेली फाईल ओळखायची सोपी युक्ती आहे. ऑडॅसिटी नाहीतर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाईल उघडून स्पेक्ट्रोग्रॅम (कुठल्या क्षणी किती हर्ट्झपर्यंतचा आवाज आहे त्याचं चित्र) बघा. फ्लॅक म्हणून दिलेल्या गाण्यात १६ हजारच्या वर कात्रीने कापल्यासारखं सपाट काळं दिसत असेल तर ती मुळात एमपीथ्री होती असं समजायला हरकत नाही. ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डींच्या बाबतीत जरा गंमत आहे, तिथे इतक्या वर गाण्यातलं तसंही काही नसतं, पण रेकॉर्डीची खरखर असते ना, ती पार वरपर्यंत जाते. त्यामुळे तिथे गाणं सोडा, खरखर कुठे तुटते ते बघायचं. यूट्यूबवरून "३२० मधे डाउनलोड" करून देणाऱ्या साइट्सचं पण हेच, यूट्यूब नेहमीच्या व्हिडिओला आवाज देतं तो १२८ च्या आसपासचा एएसी किंवा फार तर १६० च्या आसपासचा ओपस (हाही काटछाट करणाराच फॉरमॅट), मग तुमचे ३२० आले कुठून?

"३२० म्हणजे सीडी क्वालिटी." आकड्यात तर अजिबात नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), प्रत्येक १६ बिटचं, दोन चॅनेल, गुणाकार करा, १४११ केबीपीएस येतात. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे ५३ एमबी. त्याचं फ्लॅक केलं तर गाण्यानुसार साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशपर्यंत येतं, ३२० ला १२ एमबी. आता ३२० आणि सीडी यातला फरक कानाला कळतो का, तर बहुतेकांना बहुतेक गाण्यांत नाही कळत, आणि हे मी ३२० च्या बाजूनेच बोलतोय. पण कळत नाही आणि सारखंच आहे या दोन वेगळ्या गोष्टी, कारण उद्या तुम्हाला त्या फाईलवरून दुसरा फॉरमॅट बनवायचाय किंवा खरखर काढायचीये तर ती काटछाट मधे येते.

आणि १२८ सरसकट कचरा? कुठलं १२८ ते सांगा आधी. बिटरेट एकटा काहीच सांगत नाही, फॉरमॅट कुठला आणि एन्कोडर कुठला यावर सगळं आहे. २००० च्या आसपासच्या कुठल्यातरी घाईच्या एन्कोडरचं १२८ एमपीथ्री खरंच वाईट वाजतं, तबल्याच्या किंवा चिपळ्यांच्या ठोक्याच्या आधीच एक हलकी सुर्र अशी सावली ऐकू येते, कारण एन्कोडरची चूक त्या तुकड्याभर पसरते आणि ठोका तुकड्याच्या मधे असतो. टाळ्यांच्या कडकडाटाचं पाणी होतं. पण १२८ चा चांगला एएसी बराच वर आहे, आणि २०१२ साली स्टँडर्ड झालेला ओपस तर अजून. २०१४ मधे झालेल्या एका खुल्या लिसनिंग टेस्टमधे ९६ चा ओपस लेम नावाच्या एन्कोडरने केलेल्या १२८ च्या एमपीथ्रीच्या वर आला होता. तुमच्या व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोट पण ओपसच असतात, पण त्या बोलण्यासाठी पार दाबलेल्या, त्यामुळे स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोटने गाणं पाठवणाऱ्यांनी ओपसला नावं ठेवू नयेत. गाणं पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपल्या जुन्या गाण्यांना अजून एक गोष्ट लागू होते ती फॉरवर्डमधे कुठेच नाही. ७८ च्या रेकॉर्डी मोनो आहेत. दोन्ही बाजूला तंतोतंत तोच आवाज असेल तर फ्लॅक आणि जॉइंट स्टिरिओ (दोन्ही चॅनेलमधलं सारखं ते एकदाच साठवणारं) एमपीथ्री दोघंही ते ओळखतात आणि दुसऱ्या चॅनेलवर जवळजवळ काही खर्च करत नाहीत. म्हणजे मोनो रेकॉर्डिंगला १२८ सुद्धा स्टिरिओच्या १२८ पेक्षा खूप ऐसपैस पडतं. पण कॅसेटवरून घेताना डावं उजवं थोडं जरी वेगळं आलं तरी ती बचत गेली, म्हणून आधी नीट मोनो करा मग एन्कोड करा. उलट खरखर मात्र जागा खाते, तिच्यात पुढचं काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही ना, म्हणून खरखरीचं फ्लॅक मोठं होतं. मोठी फाईल म्हणजे चांगला आवाज म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

२४ बिट १९२ वर येऊ, म्हणजे प्रत्येक सॅम्पल २४ बिटचं आणि सेकंदाला १,९२,००० सॅम्पल. पाच मिनिटं, न दाबता, ३४५ एमबी. मिळतं काय? सीडीच्या ४४,१०० सॅम्पलमधे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण बसतो, माणूस ऐकतो २० हजारपर्यंत आणि चाळिशीनंतर त्याहून बरंच कमी. २००७ मधे मायर आणि मोरन यांनी अमेरिकेत प्रयोग केला, हायरेझ (सीडीहून जास्त बिट-सॅम्पलचा) आवाज सीडीच्या दर्जाला आणून लोकांना ओळखायला लावला, ५५४ वेळांपैकी २७६ बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेच. प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१६ मधे लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या जोशुआ राइस यांनी बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा ५२.३ टक्के आलं, म्हणजे अगदी शून्य नाही, पण तेवढ्यासाठी कार्ड भरायचं का ते तुम्ही बघा. रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करताना २४ बिट घ्याच, तिथे खरा उपयोग आहे, लेव्हल चुकली तरी सांभाळून घेतं.

आणि हे सगळं हायरेझ लोक ऐकतात ब्लूटूथवर! तिथे फोन ते परत दाबूनच पाठवतो, ब्लूटूथचा साधा फॉरमॅट एसबीसी चांगल्यात चांगला ३२८ च्या आसपास, सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त ९९०.

"मला स्वतःला फरक ऐकू आला" म्हणणाऱ्यांशी वाद नाही, फूबार नावाच्या प्लेअरमधे एबीएक्स टेस्ट (कुठली फाईल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी) करा. दोन्ही फाईली एकाच मूळ फाईलवरून बनवलेल्या, आवाजाची लेव्हल सारखी (थोडंसं मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं), आणि नाव न बघता १६ पैकी किमान १२ बरोबर. मग बोलू.

कानांचं काय, तर कान फॉरमॅटने नाही, किती मोठ्याने आणि किती वेळ यावर जातात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आहे, फ्लॅकला वेगळी सूट नाही.

तर आहेत ती एमपीथ्री आहेत तशीच ठेवा, हात लावू नका. सीडी, कॅसेट, रेकॉर्ड हाताशी असेल तर तिच्यावरून नव्याने फ्लॅक करा आणि मूळ वस्तू टाकू नका. फोनसाठी त्या फ्लॅकवरून १२८ चा ओपस भरपूर झाला. गाडीतल्या जुन्या प्लेअरला ओपस कळत नाही, त्याला लेमच्या व्ही२ सेटिंगचं एमपीथ्री द्या, सरासरी १९० च्या आसपास पडतं, आणि पेनड्राइव्हवर ३२० पेक्षा दीडपटीहून जास्त गाणी बसतात.